शिपाई आला म्हणून वर्ग बंद करायचा का?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम चुकतोय म्हटलं की मुलांना सल्ला मिळतो, "इंटरप्ट बंद करून बघ." माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे.

इंटरप्ट म्हणजे काय? धडा चालू असताना शिपाई सूचनावही घेऊन येतो. गुरुजी खडू ठेवतात, सही करतात आणि सोडलेल्या ओळीपासून पुढे शिकवतात. बस, एवढंच.

आमच्या नातवाने ठिबकसाठी पाणी मोजायचं यंत्र केलं. त्यातला सेन्सर लिटरला साधारण ४५० ठोके देतो. प्रत्येक ठोक्याला एक इंटरप्ट आणि मोजणीत एकाची भर. सगळं ठीक चाले, पण मधूनच अर्ध्या लिटरच्या जागी लिटरभराहून जास्त दाखवी. इंटरप्ट बंद केले की चूक गायब! अर्थात मोजणीही गायब.

कारण मजेदार आहे. ८ बिटांचा कंट्रोलर १६ बिटांची संख्या दोन घासांत वाचतो. मोजणी २५५ असताना त्याने खालचा बाइट वाचला, २५५. तेवढ्यात ठोका आला आणि मोजणी २५६ झाली, म्हणजे वरचा बाइट १, खालचा ०. परत येऊन त्याने वरचा वाचला, १. झाले २५६ अधिक २५५, म्हणजे ५११! 'व्होलाटाइल' लिहूनही हे टळत नाही. त्याने संख्या दर वेळी मेमरीतून ताजी वाचली जाते, पण एका घासात नव्हे.

तेव्हा दोन्ही बाइट उचलेपर्यंतच इंटरप्ट थांबवावेत, नक्कल घेतली की लगेच सुरू करावेत. इंटरप्टमधलं कामही थोडकंच असावं. शिपायाशी गप्पा मारत बसलं तर तास बुडतो. आणि ब्रेकपॉइंट लावून प्रोग्राम थांबवला तरी नळातलं पाणी थांबत नाही. त्यापेक्षा इंटरप्टमध्ये शिरताना एक पिन वर, निघताना खाली करावी आणि ऑसिलोस्कोपवर बघावं.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. दोष कामांच्या अग्रक्रमातला होता. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच प्रसंग घडवून, नोंदी तपासून तो शोधला.

इंटरप्ट बंद केल्याने चोर कोणत्या गल्लीत आहे ते कळतं, हे मान्य. पण गल्ली बंद केली म्हणजे चोर सापडला असं नाही. चूक दिसेनाशी होणं वेगळं आणि दुरुस्त होणं वेगळं. गणितातही आम्ही उत्तराबरोबर रीत मागायचो, ती याचसाठी.

तुमच्याकडची मुलं काय करतात, जरूर कळवा.