जुन्या सिम्युलेटरची बाजू

२००३ साली बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये शिर्डीला विमानतळ नाही. चिपी नाही, मोपा नाही, नवी मुंबई तर नाहीच. हैदराबादला जायचे तर बेगमपेठला उतरायचे, बंगळुरूला जायचे तर एचएएलच्या जुन्या धावपट्टीवर. शमशाबाद आणि देवनहळ्ळीचे विमानतळ २००८ साली सुरू झाले, शिर्डीचे १ ऑक्टोबर २०१७ रोजी, चिपीचे ऑक्टोबर २०२१मध्ये. मोपावरून प्रवासी विमाने उडू लागली ती जानेवारी २०२३पासून. हे सॉफ्टवेअर आजही वापरणाऱ्याला ‘आता तरी नवीन घे’ असा सल्ला मिळतो, तो अशा यादीच्या आधारावरच.

बीड जिल्ह्यात मात्र हा सल्ला तपासून घ्यायला हवा. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. बीड शहरात रेल्वे पोचली तीच १७ सप्टेंबर २०२५ रोजी. विमान जवळून पाहायचे तर चिकलठाणा, लातूर, नांदेड किंवा शिर्डी गाठावी लागते. वैमानिक व्हायचे मनात असलेल्या इथल्या मुलाला किंवा मुलीला पहिले कॉकपिट भेटते ते संगणकाच्या पडद्यावर, आणि तो संगणक बहुतेक वेळा थोरल्या भावंडाने वापरून झालेला असतो. अशा घरात ‘जुने की नवे’ हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. शिकायला मिळणार की नाही, इथपर्यंत तो जातो.

आकडे पाहावेत. २००३ची आवृत्ती चार सीडींवर मावत होती आणि डिस्कवर दोन जीबीसुद्धा जागा घेत नव्हती. २००६ची ‘एफएसएक्स’ दोन डीव्हीडींवर आली. ऑगस्ट २०२०मध्ये फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने मायक्रोसॉफ्टसाठी केलेली आवृत्ती आली, तेव्हा खोक्यातल्या प्रतीत दहा डीव्हीडी होत्या, म्हणजे सुमारे ९० जीबी. रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर एवढे उतरवायचे तर दोन महिने जातील, तेही घरातल्या कुणी दुसरे काही पाहिले नाही तर. नोव्हेंबर २०२४च्या आवृत्तीला किमान १६ जीबी रॅम लागते. शिवाय तिचा बराचसा भाग संगणकावर नसतोच. उडता उडता तो सर्व्हरवरून येत राहतो.

नव्याचे देणे खरे आहे आणि मोठे आहे. जुन्या आवृत्तीत मराठवाडा म्हणजे ठरावीक साच्यातली शेते आणि मधूनमधून एखादी नदी. नव्या आवृत्तीत बिंग नकाशांची उपग्रहचित्रे आहेत, एकूण दोन पेटाबाइटांहून अधिक माहिती आहे, आणि ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्क कंपनीने त्या चित्रांवरून यंत्राकरवी उभ्या केलेल्या सुमारे दीडशे कोटी इमारती आहेत. यंत्र चुकतेही. खुल्या नकाशात कुणीतरी दोनऐवजी २१२ मजले लिहिले, तर मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत आभाळाला भिडणारा सुळका उभा राहिला. पण माजलगावच्या धरणाचे पाणी, बालाघाटची कड, परळीच्या औष्णिक केंद्राचा परिसर आपल्या जागी दिसणे ही किरकोळ गोष्ट नाही. ज्या मुलीने आपला तालुका कधी वरून पाहिलेला नाही, तिच्यासाठी हे चित्र भूगोलाचा मोठा धडा आहे. उडण्याच्या गणितातही सुधारणा झाली आहे. विमानाच्या पृष्ठभागाचे हजाराहून अधिक तुकडे करून प्रत्येकावर हवेचा परिणाम काढला जातो. जुन्या पद्धतीत सगळे विमान एकाच बिंदूसारखे धरले जात होते.

तरीही नवशिक्याला पहिल्या वर्षात जे शिकायचे असते, त्यातले बहुतेक जुन्या सीडीत आहे. चिकलठाण्याचीच गोष्ट घ्या. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती जागा साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखी होते. इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते आणि छोट्या सेस्नाला जमीन सोडायला समुद्रसपाटीपेक्षा निदान दीडपट धाव लागते. २००३च्या आवृत्तीत हवामानाच्या पानावर तापमान बदलून हा फरक पाहता येतो. इंधन आणि हवेचे मिश्रण उंचीप्रमाणे पातळ करायचे असते, हेही तिथेच हाताला कळते. धावपट्टीच्या कडेचे गवत खरे दिसते की रंगवलेले, याने या धड्यात काडीचाही फरक पडत नाही.

नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांवर वाट काढण्याचा सराव तर जुन्यावर अधिक चांगला होतो, असे या स्तंभाचे ठाम मत आहे. चिकलठाण्याहून लातूर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, दिशा साधारण १४५ अंश. सेस्नाला तासभर लागतो. गोदावरी ओलांडली की डावीकडे माजलगावचा जलाशय आणि उजवीकडे बीड ठेवत वाट वडवणीच्या आसपासून जाते. मग डावीकडे अंबाजोगाई, उजवीकडे केज आणि त्यापुढे मांजरा धरण. जुन्या चित्रात यातल्या फार थोड्या खुणा दिसतात. म्हणूनच आधी कागदावर रेघ मारावी लागते, वाऱ्याने विमान किती सरकेल ते काढावे लागते, किती मिनिटांनी कुठे असायला हवे ते लिहून ठेवावे लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूला उतरवले, तेव्हा त्यांच्याजवळ रेडिओ नव्हता. वाट काढायची ती विद्या अजून अभ्यासक्रमात आहे.

आता सर्व्हरविषयी. १९ नोव्हेंबर २०२४ला नवी आवृत्ती खुली झाली त्या दिवशी जगभरचे लोक एकदम आत शिरले. सर्व्हर कोलमडला आणि अनेकांचा पडदा ९७ टक्क्यांवर अडकून राहिला. चाचणी दोन लाख काल्पनिक वापरकर्त्यांवर केली होती, ती पुरली नाही, असे निर्मात्यांनीच पुढे येऊन सांगितले आणि माफी मागितली. पैसे मोजून घेतलेली वस्तू त्या दिवशी घरात असून नसल्यासारखी होती. याउलट एफएसएक्स करणारा एसेस स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००९मध्ये बंद केला, तरी त्याची विमाने आजही उडतात. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे नेटची रेंज आणि वीज दोन्ही बेभरवशाची, तिथे चालू राहण्यासाठी दूरच्या यंत्राची परवानगी लागू नये हा गुण सुंदर ढगांपेक्षा मोलाचा आहे. कंपन्यांनी विक्रीच्या वेळीच सांगायला हवे की सर्व्हर बंद झाल्यावर ग्राहकाच्या हाती काय उरेल.

जुन्याच्या मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एफएसएक्स ३२ बिटची असल्याने चार जीबीच्या पलीकडे स्मृती वापरू शकत नाही. जड विमान आणि दाट शहर एकत्र आले की उतरण्याच्या ऐन वेळी ती बंद पडते. २००३च्या सीडीवर सेफडिस्क नावाचे कुलूप आहे आणि विंडोज १० ते मानत नाही, म्हणून अस्सल सीडी असूनही कार्यक्रम सुरू होत नाही. मग पोरे कुठून तरी क्रॅक केलेली फाइल उतरवतात आणि संगणकात भलतेच काही शिरते. तसे करू नये. विंडोज ७चा जुना संगणक असेल तर तो नेटला न जोडता केवळ उड्डाणासाठी ठेवावा. मोठ्या प्रवासी विमानांच्या आजच्या यंत्रणा शिकायच्या असतील आणि घरात ब्रॉडबँड व ताकदवान ग्राफिक्स कार्ड असेल, तर नव्याकडे जावे. मार्ग आणि रेडिओ खुणांची माहिती दर २८ दिवसांनी बदलते. त्या कामासाठी वीस वर्षांपूर्वीची आवृत्ती अपुरीच आहे.

पालकांनी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी डीजीसीए २०० तासांचे उड्डाण मागते आणि घरच्या संगणकावरचा एकही तास त्यात धरला जात नाही, मग आवृत्ती २००३ची असो की २०२४ची. बारामती किंवा गोंदियाच्या प्रशिक्षण केंद्रात मुलगा दाखल होईल तेव्हा त्याला खऱ्या विमानातच बसावे लागेल. नजर काट्यांवर खिळवून ठेवायची सवय घरी लागली असेल, तर ती तिथे मोडावी लागते. घरच्या सरावाचा उपयोग संकल्पना पक्क्या होण्यापुरता आहे, आणि तो कमी नाही. पण त्यासाठी कर्ज काढून लाखभराचा गेमिंग लॅपटॉप घेण्याची गरज नाही.

दोन पर्याय या भांडणाच्या मधोमध उभे आहेत. एक्स-प्लेन हे ऑस्टिन मेयर यांचे सॉफ्टवेअर पंखांवरचे बल तुकड्यातुकड्याने काढते, बसवताना जगाचा हवा तेवढाच भाग घेऊ देते आणि नेटशिवाय उडते. दुसरे फ्लाइटगिअर: १९९०च्या दशकात स्वयंसेवकांनी सुरू केलेले, पूर्णपणे मोफत, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारे. दिसायला ते साधे आहे. पण त्याची प्रत वाटायला कुणाची मनाई नाही, आणि बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या महाविद्यालयांतल्या संगणक प्रयोगशाळांना नेमके हेच सोयीचे आहे. चांगल्या नेटवर एकदा उतरवून घ्यावे, सोबत महाराष्ट्राच्या भूभागाच्या फायली घ्याव्यात आणि पेनड्राइव्हने प्रत्येक संगणकावर बसवावे. एक साधी जॉयस्टिक आणि भौतिकशास्त्राचा एक उत्साही शिक्षक मिळाला, की येत्या सत्रापासून सुरुवात करता येईल.