पडद्यावरची हजेरी

न्यायाची गोष्ट निघाली की आमच्या उज्जैनमध्ये विक्रमादित्याच्या सिंहासनाची आठवण हटकून निघते. ते ज्या टेकाडाखाली गाडले गेले होते, त्यावर बसताच गुराख्याचे पोरही अचूक निवाडा देई, अशी ती लोककथा. सिंहासन सगळ्यांच्या लक्षात राहते. पण वादी आणि प्रतिवादी निवाडा करणाऱ्याच्या पुढ्यात उभे असत, याकडे कोणी पाहत नाही. आज आपण तो ‘पुढ्यात’ शब्दच कायद्यातून वजा करत निघालो आहोत, आणि वर त्याला सुधारणा म्हणतो आहोत.

उज्जैनचे मध्यवर्ती कारागृह भैरवगढला, न्यायालय शहरात. एकट्या उज्जैनचे हे गाऱ्हाणे नव्हे; देशभर हीच मांडणी आहे. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही अशी माणसे. यांच्या लेखी ‘तारीख’ ही कोर्टाच्या वहीतली नोंद नसते. त्या दिवशी गाडीतून उतरताना वकील दिसतो, घाईघाईने का होईना चार शब्द बोलतो. बायको वऱ्हांड्यात उभी असते. जामीनदार मिळाला की नाही, साक्षीदार फिरला की काय, हे तिथे कळते. वकिलाने तुरुंगात जाऊन भेटायचे तर त्याचा दिवस मोडतो, आणि मोडलेल्या दिवसाचे पैसे गरिबाकडे नसतात. तारखेची भेट हीच त्याची भेट.

पडद्याने नेमकी तीच काढून घेतली. आता आरोपी तुरुंगातल्या खोलीत कॅमेऱ्यापुढे, वकील कोर्टात. आरोपीच्या शेजारी शिपाई, वकिलाच्या शेजारी सरकारी वकील. कानात सांगायची गोष्ट कोणी कोणाच्या कानात सांगायची? नाव पुकारले, चेहरा दिसला, पुढची तारीख पडली. झाली हजेरी!

कायद्याची वाटचाल पाहा. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष पडद्यावरून घेण्यास मान्यता दिली. सोय होती साक्षीदाराची, तीही समुद्रापलीकडच्या. २००९ अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने न्यायालयीन कोठडीची मुदत पडद्यावरून वाढवण्याची मुभा मिळाली. २०२० च्या साथीत तर अवघे न्यायालयच पडद्यावर गेले. ती गरज होती. साथ सरली, सवय राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सगळा खटलाच अशा रीतीने चालवण्यास दार उघडले. पोलीस कोठडीसाठी मात्र आरोपी प्रत्यक्ष समोर लागतो. म्हणजे समोर असण्याला मोल आहे, हे कायद्यालाही ठाऊक आहे!

‘गाड्या नाहीत, पहाऱ्याला पोलीस नाहीत, म्हणून तारखा बुडतात’ असे सांगितले जाते. खरे आहे. बुडालेल्या तारखेपेक्षा पडदा बरा, हेही मी मान्य करतो. पण गाड्या नसतील तर गाड्या आणा. सरकारच्या उणिवेची भरपाई कैद्याच्या हक्कातून का?

अमेरिकेत स्थलांतरितांच्या न्यायालयांना १९९६ च्या कायद्याने पडद्याची परवानगी दिली. तिथल्या प्राध्यापिका इन्ग्रिड ईगली यांनी २०१५ साली अशा खटल्यांचा अभ्यास मांडला. पडद्यावर आलेले अटकेतले लोक देशाबाहेर अधिक धाडले गेले. पण न्यायाधीश अधिक कठोर होते म्हणून नव्हे. या लोकांनी वकील कमी केले आणि राहू देण्याचे अर्जही कमी केले. पडद्यापुढे बसलेल्या माणसाने लढणेच सोडून दिले होते.

सीमाभागातल्या वाचकाला यातली भाषेची गोष्ट वेगळी सांगायला नको. परक्या भाषेतली नोटीस हाती पडली की शहाणासुरता माणूसही कसा खुळ्यासारखा उभा राहतो, हे तुम्ही पाहिलेले आहे. खानदेशातून मजुरीला आलेला माणूस इथे अडकला तर त्याचा खटला हिंदीत चालणार. शिंद्यांच्या काळापासून या शहरात मराठी घरे आहेत. कोर्टाच्या आवारात त्याला समजावून सांगणारा कोणी तरी भेटेल. तुरुंगातल्या कॅमेऱ्यापुढे कोण भेटणार?

राज्यघटनेचे २२ वे कलम अटक झालेल्या व्यक्तीला पसंतीच्या वकिलाशी सल्लामसलतीचा हक्क देते. कलमात ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. पहिल्याच हजेरीला दंडाधिकाऱ्याने आरोपीला वकिलाचा हक्क समजावून सांगितला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बजावले, आणि तेही कसाबच्या खटल्यात. कसाबसाठी जे सांगितले गेले, ते सायकलचोरीच्या आरोपातल्या पोराला पहिल्या दिवसानंतर नाकारायचे काय?

माझे मागणे थोडे आहे. वकिलाशी एकांतात बोलणे झाल्याची नोंद असल्याखेरीज पडद्यावरची हजेरी हजेरी धरू नये. पडदा चालेल की नाही, हे आरोपीला त्याच्या भाषेत विचारावे आणि त्याचा नकार मानावा. जामीन, आरोपनिश्चिती आणि साक्ष या दिवशी त्याला समोरच आणावे. याला डिझेल लागेल, पोलीस लागतील. लागू देत. एवढाही खर्च झेपत नसेल, तर इतकी माणसे कोंडून ठेवण्याचा अधिकार सरकारने आधी सोडावा.