तारणहाराची प्रतीक्षा

अमेरिकेत ‘सुपरमॅन’ अवतरला तो १९३८ साली, मंदीने होरपळलेल्या काळात. जेरी सीगल व जो शुस्टर या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन तरुणांनी त्याला घडविले. आरंभीच्या कथांत तो भ्रष्ट राजकारण्यांशी आणि मजुरांच्या जिवाची पर्वा नसलेल्या खाणमालकाशी झुंजत असे. मात्र त्याचे सारे हक्क प्रकाशकाने अवघ्या १३० डॉलरांत घेतले. पुढे त्यावर कोट्यवधींचा धंदा उभा राहिला. जनक मात्र उतारवयात हलाखीत होते. १९७५ साली सीगल यांनी या अन्यायाला वाचा फोडली, व्यंगचित्रकार बांधव पाठीशी उभे राहिले, लोकमताचा रेटा वाढला, तेव्हा कुठे वॉर्नर कंपनीने दोघांना वार्षिक २०,००० डॉलरांचे निवृत्तिवेतन व हिरावलेले श्रेय दिले. त्या लढ्यात आकाशातून कोणी उतरले नव्हते.

आज मात्र तेथील राजकारणालाही तारणहाराचे वेड लागले आहे. व्यवस्था आपण एकटेच सुधारू शकतो, असा दावा डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ च्या पक्षाधिवेशनात केला. २०२२ मध्ये स्वतःला अतिमानवाच्या वेशात दाखविणारी डिजिटल चित्रे त्यांनी ९९ डॉलरांना एक या भावाने विकायला काढली!

राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो आपल्यालाच होता. म्हणून हॉलिवूडकडून शिकायचेच असेल, तर २०२३ साली १४८ दिवस संप करून मालकांना नमविणाऱ्या तेथील लेखकांकडून शिकावे.