कोथिंबीर ताठ उभी कशी राहते?



परवा मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, काल आणलेली कोथिंबीर पार मान टाकून बसली होती. आईने पेल्यात पाणी घेऊन त्यात देठ बुडवून ठेवले, तर सकाळी ती ताठ उभी! तिला हाडं तर नाहीत, मग ती उभी कशी राहते?"

प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण उत्तर नीट सांगता यावं म्हणून घरी जाऊन मलाही पुस्तक उघडावं लागलं, बरं का.

आधी एक प्रयोग करा. एका कच्च्या बटाट्याचे पातळ काप आईकडून किंवा बाबांकडून करून घ्या. दोन वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत दोन चमचे मीठ विरघळवलेलं पाणी. दोन्हींत चार-चार काप टाका आणि दोन-तीन तासांनी वाकवून पाहा. साध्या पाण्यातला काप कडक, जोर लावला तर कट्कन मोडणारा. मिठाच्या पाण्यातला मात्र ओल्या चामड्यासारखा लुळा! काकडीच्या कोशिंबिरीत आधी मीठ घातलं की तिला पाणी सुटतं ना, त्यातलाच हा प्रकार.

आता कारण. फुटबॉल आठवा. आत रबराचा ब्लॅडर, बाहेर चामड्याचं आवरण. नुसता ब्लॅडर फुगवत बसलात तर कधीतरी फट्‌कन फुटेल. पण तोच आवरणात घालून हवा भरली की चेंडू टणक होतो. वनस्पतीची पेशी अगदी अशीच असते. आत पाण्याने भरलेली पातळ पिशवी, तिचं नाव पेशीपटल. तिच्याभोवती मजबूत आवरण, तिचं नाव पेशीभित्तिका. पाणी आत शिरतं, पिशवी फुगते, भित्तिकेवर रेटा देते, भित्तिका तिला फुटू देत नाही. हा आतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबापेक्षाही जास्त असू शकतो! अशा लाखो टणक चेंडूंनी कोथिंबिरीची काडी उभी राहते. बाहेर मीठ जास्त झालं की पाणी पेशीतून बाहेर निघून जातं. मग चेंडूतली हवाच गेली म्हणा ना.

आपल्या पेशींना मात्र भित्तिका नसते. रक्तातली तांबडी पेशी साध्या पाण्यात टाकली तर फुगून फुटते. म्हणून तर सलाइनच्या बाटलीत नुसतं पाणी नसतं, त्यात मोजून ०.९ टक्के मीठ असतं.

ही भित्तिका सेल्युलोज नावाच्या पदार्थाच्या धाग्यांनी विणलेली असते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सरकीवरचा कापसाचा एक-एक तंतू ही एकच लांबलचक पेशी असते. बोंड फुटून तंतू वाळले की आतला जीव जातो आणि भित्तिका तेवढी उरते. म्हणजे तुमचा सुती सदरा हा निव्वळ पेशीभित्तिकांचा आहे! १६६५ साली रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला आणि त्यातल्या चिमुकल्या खोल्यांना 'सेल' म्हटलं. त्याला दिसल्या त्याही मेलेल्या पेशींच्या भिंतीच होत्या.

अळंबीची भित्तिका कायटिनची असते. खेकड्याच्या कवचात असतं ना, तेच. आणि जिवाणूंची? ती साखरेच्या साखळ्या एकमेकींना गाठी मारून विणलेल्या जाळीची.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाला सर्दी झाली. कपाटात त्याच्या आधीच्या आजारातल्या प्रतिजैविकाच्या चार कॅप्सूल होत्या. म्हटलं, औषध वाया कशाला घालवायचं? दिली एक. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही मुलांना विज्ञान शिकवता ना? आणि या चार उरल्या कशा?" उरल्या होत्या, कारण ताप उतरल्यावर मीच बंद केल्या होत्या. मला मान वर करवेना.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलिन सापडलं. हे औषध जिवाणूंच्या जाळीतल्या गाठी पडूच देत नाही. जिवाणू वाढत असतो, भिंत कच्ची राहते, आत पाणी शिरतं आणि तो फुटतो. पुन्हा तोच फुटबॉल! आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून हा घाव आपल्यावर बसत नाही. सगळी प्रतिजैविकं भिंतीवरच घाव घालतात असं नाही, पण माझ्या कपाटातली पेनिसिलिनच्याच घराण्यातली होती. आणि सर्दी होते विषाणूंमुळे. विषाणूला भिंत नाही, स्वतःची पेशीसुद्धा नाही. मग त्या कॅप्सूलने फोडायचं काय?

शिवाय काही जिवाणू पेनिसिलिनचे तुकडे करणारं रसायन तयार करतात. उगीच औषध घेतलं की बाकीचे मरतात आणि अशा चिवट जिवाणूंना रान मोकळं मिळतं. मग खरोखर गरज असते तेव्हा औषध चालत नाही. तुमच्या घरच्या डब्यात अशा उरलेल्या गोळ्या आहेत का, आज आई-बाबांबरोबर बघा. स्वतः हात मात्र लावू नका हं. आणि डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस औषध घ्यायचं, हे त्यांनाही वाचून दाखवा.

आता तुमच्यासाठी कोडं. कोथिंबिरीची एक काडी आईला उकळत्या पाण्यात मिनिटभर धरायला सांगा, मग ती गार पाण्यात ठेवा. भित्तिका तर अजून आहे. मग ती काडी सकाळी उभी राहील का? काय दिसलं आणि तसं का झालं, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा.

तुमच्या,
बाई