दार उघडावे की उघडू नये?

चित्रपट पाहून घरी परतलेल्या माणसाला 'कसा होता?' म्हणून विचारावे, तर तो नटनट्यांविषयी बोलतो, गाण्यांविषयी बोलतो, तिकिटाच्या दराविषयी तर हमखास बोलतो. भीतीच्या चित्रपटाचे मात्र तसे नाही. तेथे प्रत्येकाचे मत 'मी असतो ना, तर...' या शब्दांनी सुरू होते. 'मी असतो तर त्या तळघरात उतरलोच नसतो', 'मी असते तर आधी दिवा लावला असता'. अशा चित्रपटावर मत देताना माणूस चित्रपटाविषयी थोडे आणि स्वतःविषयी पुष्कळच सांगून जातो, असे माझे जुने निरीक्षण आहे.

गेल्या कोजागिरीला ते पडताळून पाहण्याची संधी आली. आमच्या सोसायटीत दरवर्षी गच्चीवर दूध आटते. गेल्या वर्षी चंद्र ढगांत गेला आणि वर पाऊसही आला, तेव्हा दुधाचे पातेले आणि मंडळी दोन्ही खालच्या हॉलमध्ये उतरली. जागायचे तर होतेच. तरुण मंडळींनी भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि 'एलियन' लावला.

रिडली स्कॉट या इंग्रज दिग्दर्शकाचा हा चित्रपट १९७९ सालचा. अवकाशातून पृथ्वीकडे परतणारे 'नोस्ट्रोमो' नावाचे एक मालवाहू यान, त्याच्यामागे ओढत आणलेले २ कोटी टन खनिज, यानात सात माणसे आणि जोन्स नावाचे एक मांजर. वाटेत कोठून तरी एक संदेश येतो, मंडळी एका ओसाड ग्रहावर उतरतात आणि तेथून जे बरोबर येते ते एकेकाला गाठू लागते. एवढीच गोष्ट. चित्रपट लागला तेव्हा काही परीक्षकांनी त्याला भुताच्या वाड्याची गोष्ट म्हणून नाक मुरडले. वाडा तेवढा आकाशात नेला, एवढेच त्यांच्या मते नवे. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. दृश्यचमत्कृतीसाठी त्याला ऑस्कर मिळाले आणि २००२ साली तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो कायम जतन करावयाच्या चित्रपटांत घेतला. परीक्षकांचे असे नेहमीच होते. असो.

आमच्या हॉलमधले परीक्षक याहून कडक होते. पदार्थविज्ञान शिकवणारे एक स्नेही पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाले, की निर्वातात आवाज जात नाही, मग यानाची घरघर ऐकू येते कशी? गंमत अशी, की अवकाशात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू जात नाही, हीच या चित्रपटाची मूळ जाहिरात होती. मुलांना यानावरच्या संगणकाची हिरवी अक्षरे पाहून हसू आवरेना. जेवणाच्या मेजावर एकाची छाती फोडून तो प्राणी बाहेर येतो, त्या प्रसंगी आमच्या सौ.नी मसाला दुधाचा पेला दूर सारला आणि 'हे सणासुदीला दाखवायचे का?' असे मत दिले. रक्त किती उडणार याची नटमंडळींना पुरती कल्पना दिली नव्हती, त्यामुळे त्यांचे दचकणे बरेचसे खरे आहे, हे मी त्यांना सांगितले. त्याने दूध काही गोड झाले नाही.

पण खरी चर्चा झाली ती त्याच्याही आधीच्या प्रसंगावर, आणि ती करणारे होते पहिल्या मजल्यावरचे नाना आणि काकू.

नाना मूळचे रत्नागिरीकडचे. तीस वर्षे बोटीवर, इंजिनात, तेलवाला म्हणून लागले आणि तेथेच निवृत्त झाले. इंग्रजी संवाद त्यांना सगळे कळत होते असे नाही, पण यानाच्या तळाशी काम करणारे दोघे जण वरच्यांपेक्षा आपला वाटा कमी का म्हणून कुरकुर करू लागले, तेव्हा नाना खुर्चीत सरसावून बसले. "मास्तर, ही बोटच आहे," ते म्हणाले. मी त्यांना सांगितले, की यानाचे नाव जोसेफ कॉनरॅडच्या १९०४ सालच्या कादंबरीवरून घेतले आहे आणि कॉनरॅड स्वतः अनेक वर्षे बोटीवर होता. "मग बरोबर," नाना म्हणाले. अनोळखी संदेश आला तर तपास करायचा, नाहीतर मेहनताना बुडेल, हे कलम यानावरचा शास्त्रज्ञ ऐकवतो तेव्हाही त्यांनी मान डोलावली. समुद्रावर कुणी संकटात असल्याचा संदेश मिळाला तर मदतीला जाणे कप्तानावर बंधनकारक असते. ते कुणाला चुकत नाही.

मग तो प्रसंग आला. बाहेर गेलेल्या तिघांपैकी एकाच्या तोंडाला ते काहीतरी घट्ट चिकटले आहे. दोघे त्याला उचलून यानाच्या दाराशी आणतात. आत रिप्ले नावाची अधिकारी बाई आहे. कप्तान स्वतः बाहेर उभा राहून दार उघडण्याचा हुकूम देतो आणि ती नाही म्हणते. चोवीस तास अलग ठेवण्याचा नियम आहे. त्याला आत घेतला तर आपण सगळेच मरू शकतो.

"उघड की गं बाई! मरतोय तो!" काकू ओरडल्या.

"उघडायचे नाही," नाना म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

कुणीतरी चित्रपट थांबवला. हॉलचे दोन तट पडले. पदार्थविज्ञानवाले रिप्लेच्या बाजूचे, आमच्या सौ. काकूंच्या. एक जण म्हणाला, की २००३ साली दिग्दर्शकाने चित्रपट पुन्हा जुळवला, त्यात बाहेर राहिलेली बाई आत आल्यावर रिप्लेच्या थोबाडीत मारते. "मारायलाच पाहिजे!" काकू म्हणाल्या. आणि मग नानांकडे वळून, आवाज जरासुद्धा न चढवता, त्यांनी विचारले, "अहो, आपल्या गेटावर पाटी कुणी लावली होती?"

हॉलमध्ये एकदम शांतता झाली. नव्या बिऱ्हाडांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. २०२० साली नाना सोसायटीचे सेक्रेटरी होते. 'बाहेरील व्यक्तीस प्रवेश नाही' ही पाटी त्यांच्याच अक्षरात होती आणि ती त्यांनी मोलकरणींना, भाजीवाल्याला, काकूंच्या सख्ख्या बहिणीलाही लागू केली. त्याच वेळी त्यांचा मुलगा एका तेलवाहू जहाजावर होता. नऊ महिन्यांचा करार संपला, पण कोणतेच बंदर त्याला उतरू देईना. त्या वर्षी जगभरात सुमारे ४ लाख खलाशी असे करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. आमच्या नानांचा मुलगा नांगर टाकलेल्या बोटीवरून रात्री एका शहराचे दिवे पाहत असे, एवढे तो फोनवर सांगे. पंधरा महिन्यांनी तो घरी आला, तेव्हा तो गेल्यानंतर जन्मलेली त्याची मुलगी चालू लागली होती.

"पाटी मी लावली," नाना म्हणाले. "आणि आज वेळ आली तर पुन्हा लावीन. इथे ऐंशी माणसे राहतात."

"तिकडच्या बंदरावर बसलेला माणूसही हेच म्हणत असेल," काकू म्हणाल्या.

चित्रपट पुढे सुरू झाला. दार उघडले जाते. उघडतो तो यानावरचा शास्त्रज्ञ, ॲश. काकूंनी नानांकडे पाहिले. पण पुढे कळते, की ॲश हा माणूसच नव्हे, कंपनीने पेरलेले यंत्र आहे. तो प्राणी काहीही करून परत आणा, खलाशी गेले तरी चालतील, असा त्याला गुप्त हुकूम आहे. दार त्याने दयेपोटी उघडलेलेच नव्हते. आता नानांनी काकूंकडे पाहावे, असा क्षण होता. त्यांनी पाहिले नाही. ते चादरीकडे बघत एवढेच म्हणाले, "एरवी हे असे लिहून देत नाहीत."

काकूंनी थोडा विचार केला. "त्याने उघडले ते कंपनीसाठी," त्या म्हणाल्या. "मी उघडले असते ते त्या पोरासाठी. दार तेच असले म्हणून काय झाले?"

मी वर्गात रसचर्चा शिकवतो. भयानक आणि बीभत्स हे भरताने दोन वेगळे रस मानले. 'एलियन'मध्ये ते एकाच ताटात वाढले आहेत. भयानकाविषयी लिहिताना अभिनवगुप्ताने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातल्या, दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरिणाचा दाखला घेतला आहे. तेथली भीती हरिणाची नाही, आणि प्रेक्षकाची स्वतःचीही नाही. ती देशकालापासून सुटलेली नुसती भीती आहे, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो, असे त्याचे म्हणणे. वर्षानुवर्षे मी हे विद्यार्थ्यांच्या वहीत उतरवून देत आलो आहे, आणि पुढेही देईन. पण आमच्या हॉलमधल्या भीतीला पत्ता होता, सालही होते. त्या छाती फोडणाऱ्या प्राण्याचे नाव चर्चेत कुणी काढलेसुद्धा नाही. तासभर सगळे बोलत होते ते दाराविषयी. आणि माझ्या मते चित्रपट चांगला आहे तो यासाठीच, की दाराच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना तो सारखेच बोलायला लावतो. रिप्लेला तो निर्दय म्हणत नाही. नियमावर बोट ठेवणारी हीच बाई शेवटी, जीव मुठीत धरून पळायचे असताना, मांजरासाठी मागे फिरते. तेथे काकूंनी तिला माफ केले.

नानांचा मुलगा सध्या पुन्हा बोटीवर आहे. काकूंनी त्याला चित्रपटाचे सविस्तर वर्णन फोनवर ऐकवले. तो हसला. म्हणाला, आम्ही तो त्याच साली बोटीवर, जेवणाच्या खोलीत सगळ्यांनी मिळून पाहिला होता. शेवटी एकटी उरलेली रिप्ले आपला वृत्तान्त नोंदवते आणि सहा आठवड्यांत आपण वस्तीच्या हद्दीपाशी पोहोचू, नशीब असेल तर कुणीतरी उचलून घेईल, असे सांगून निजते. त्यावर मागून एक खलाशी ओरडला, "सहाच आठवडे?" आणि हसूनहसून मंडळींची मुरकुंडी वळली.

नंतर त्याने मला वेगळा फोन केला. याचा दुसरा भाग आहे, म्हणाला, १९८६ सालचा; तो आईला दाखवू नका. त्यात रिप्ले सापडते ती ५७ वर्षांनी.