घरचा सूर, मंडपातला सूर

स्नेहसंमेलनात हल्ली पेटी-तबल्याशेजारी विजेवरील गिटारही दिसू लागली आहे. तिच्या स्वरास रंग देणारी, पायाने दाबावयाची पेडले मुले घरी, शेजाऱ्यांस त्रास होऊ नये अशा बेताने, हळू आवाजात जुळवतात. तोच नाद कटंगीतल्या मंडपात मोठा केला की खर्ज घुमतो, वरचे स्वर कानास बोचतात आणि गाणाऱ्या मुलीचे शब्द बुडून जातात. दोष पेडलांचा नव्हे, बोटांचाही नव्हे. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, मंद आवाजात आपल्या कानास खर्ज व फार वरचे स्वर दुबळे वाटतात. आवाज वाढला की तेच उसळून येतात. घरी आपण त्यांस नकळत चढवून ठेवलेले असते.

आमचे मत असे की, पेडले मंडपातच, प्रत्यक्ष वाजवावयाच्या आवाजात, सर्व साथीदारांसह लावावीत. खर्ज उतरवावा, मधले स्वर किंचित चढवावेत. प्रतिध्वनीचे पेडल बहुधा बंदच बरे. पत्र्याचे छप्पर असले तर ते काम फुकट होते! गवई बैठकीत तंबोरा जुळवीत बसतो, त्यास कोणी घाई करीत नाही. मग गिटार वाजविणाऱ्या मुलास उद्घाटनापूर्वी अर्धा तास मंडप का मिळू नये? पाहुण्यांच्या खुर्च्या त्यानंतर मांडता येतील.