उलटे टांगून घेण्याविषयी

कंबरेत उसण भरली की घरातील वडीलधारे माणूस वैद्याला बोलावण्याआधी आळीत पायाळू कोण आहे याचा तपास करीत असे, आणि डोक्याऐवजी पाय पुढे करून या जगात आलेला तो भाग्यवान इसम सापडला म्हणजे त्याच्याकडून दुखऱ्या जागी हलकेच लाथ मारून घेतली जाई. हा उपचार माझ्या पिढीतील पुष्कळांनी पाहिला असेल व काहींनी सोसलाही असेल. त्यात शास्त्र कितपत होते याची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्याचा जन्मच उलटा झाला त्याच्या स्पर्शाने दुसऱ्याची पाठ सुलटी व्हावी, या कल्पनेतील गमतीदार संगती मला परवा अकस्मात आठवली, आणि निमित्त असे घडले की आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले नाना, एका लोखंडी चौकटीला घोट्यांनी जखडलेले, डोके जमिनीकडे आणि चष्मा प्रत्यक्ष जमिनीवर, अशा अवस्थेत माझ्या नावाने हाका मारताना मला आढळले.

या चौकटीला ‘इन्व्हर्शन टेबल’ असे म्हणतात आणि पाठदुखीने गांजलेल्या लोकांकरिता तिची जाहिरात अलीकडे फार जोरात चालते. रचना साधी आहे. दोन घोड्यांसारख्या पायांवर एक आडवा कणा, त्या कण्याभोवती फिरणारी माणसाच्या लांबीची फळी, तिच्या एका टोकाला घोटे धरून ठेवणारी पकड, आणि फळी किती कलावी हे ठरविणारा एक पट्टा. सारे यंत्र तराजूच्या दांडीप्रमाणे चालते: वापरणाऱ्याची उंची बरोबर नोंदविलेली असेल तर हात डोक्यावर नेले असता माणूस खाली जातो, छातीवर आणले असता आपोआप वर येतो. नानांच्या बाबतीत घोटाळा एवढाच झाला होता की नाशिकहून आलेल्या त्यांच्या भाच्याने आदल्या रात्री फळी स्वतःच्या उंचीला जुळवून घेतली, कलाचा पट्टा सोडून ठेवला आणि कोणाला काही न सांगता पहाटेची गाडी धरली. भाचा नानांहून चार इंचांनी बुटका. परिणामी तराजूचे डोक्याकडील पारडे जड झाले, आणि पस्तीस वर्षे इतरांच्या फेरफार नोंदींतील चुका काढण्यात ज्यांचा हातखंडा होता, ते गृहस्थ ही एक नोंद न तपासता उलटे झाले, ते उलटेच राहिले. काकू मंडईत गेल्या होत्या. मी फळीचे टोक उचलून त्यांना सरळ केले तेव्हा त्यांचा चेहरा जांभळाच्या रंगाचा झालेला होता, आणि पहिले वाक्य त्यांनी उच्चारले ते असे : “पण पाठीला बरे वाटते हो!”

त्या वाक्यात असत्य काही नव्हते. माणसाच्या कण्यात मणक्यांच्या दरम्यान तेवीस चकत्या असतात, ज्यांना आपण लोकभाषेत गाद्या म्हणतो. प्रौढ माणसाच्या या गाद्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, आजूबाजूच्या भागातून झिरपून येईल त्यावर त्यांची गुजराण चालते, आणि दिवसभराच्या भाराने त्यांतील पाणी पिळले जाऊन रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा भरते, म्हणूनच प्रत्येक माणूस सकाळी उठताना रात्रीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या या गाद्यांत सुई घालून आतील दाब मोजण्याचे धाडस केले; त्यांच्या मापनांवरून जो प्रसिद्ध तक्ता तयार झाला त्याप्रमाणे उभ्या माणसाच्या कंबरेतील गादीवरचा दाब १०० धरला तर उताणे निजलेल्या माणसाच्या बाबतीत तो २५वर उतरतो आणि टेकल्याशिवाय बसलेल्याच्या बाबतीत १४०वर जातो, आणि बसून पुढे वाकले तर १८५पर्यंत चढतो. पस्तीस वर्षे टेबलावर वाकून दप्तर लिहिणाऱ्या माणसाची कंबर का दुखते, याची यापेक्षा स्पष्ट कैफियत कोणती असणार? तेव्हा हा भार उलटा फिरवला, म्हणजे कंबरेच्या वरचे निम्म्याहून अधिक शरीर गाद्यांवर दाबण्याऐवजी त्यांना ओढू लागले, तर घटकाभर मोकळे वाटावे हे ओघानेच आले. मात्र जाहिरातीतील चित्रात माणूस जसा वटवाघळासारखा सरळ टांगलेला दाखवितात, तितके करण्याची गरज नसते. आडव्या स्थितीपासून तीस अंश कलले तरी वजनाच्या निम्मी ओढ मिळते, साठ अंशांवर ती सुमारे ८७ टक्के होते, आणि पुढचे तीस अंश केवळ हौसेचे उरतात. शिवाय भार समूळ काढून घेतला म्हणजे कणा सुखीच होतो असेही दिसत नाही: अंतराळात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या प्रवाशांची उंची कित्येक सेंटीमीटरांनी वाढते, आणि पहिल्या काही दिवसांत त्यांतील पुष्कळांची पाठ दुखते.

हा खटाटोप आजकालचा आहे अशी जर कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. ग्रीक वैद्यकाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या हिपॉक्रेटिसच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रंथात, कुबड आलेल्या रुग्णाला गाद्या-उशा लावलेल्या शिडीला बांधून, प्रसंगी डोके खाली करून, ती शिडी उंच मनोऱ्यावर किंवा घराच्या शिखरावर चढवावी आणि तेथून एकदम जमिनीवर सोडून हिसका द्यावा, अशी रीत तपशीलवार सांगितलेली आहे. परंतु मौज पुढेच आहे. ही रीत इतक्या काळजीने वर्णन करणारा तो वैद्य स्वतःच सांगतो की तिने कोणाची पाठ सरळ झालेली आपल्या पाहण्यात नाही, आणि गर्दीला थक्क करण्याची हौस असलेले वैद्यच तिचा विशेष अवलंब करतात. तरी तो म्हणतो की ज्याने प्रथम ही युक्ती शोधली त्याच्याविषयी आपल्याला आदर आहे, योग्य रीतीने केली तर तिचा उपयोग होणारच नाही असेही आपण म्हणत नाही, पण तिचा वापर करणाऱ्यांच्या पंक्तीला बसण्याची आपल्याला लाज वाटते. अडीच हजार वर्षांच्या अंतराने माझे मत याहून फारसे निराळे झालेले नाही. भांडण आहे ते यंत्राशी नाही, त्याच्याभोवती जमलेल्या गर्दीशी आहे.

ती गर्दी अधूनमधून जमते आणि पांगते. १९८० साली ‘अमेरिकन जिगोलो’ या चित्रपटात रिचर्ड गिअर हा नट घोट्यांना आकडे असलेले बूट अडकवून उलटा लटकून व्यायाम करताना दिसला, आणि त्यानंतर अमेरिकेत हे बूट घराघरांत शिरले. पुढे दोन-तीन वर्षांतच तेथील वैद्यांनी उलट्या टांगलेल्या माणसांचा रक्तदाब व डोळ्यांतील दाब मोजून सावधगिरीचा इशारा दिला, तेव्हा तो ज्वर उतरला. आता तो टेबलाच्या रूपाने आपल्याकडे आला आहे, आणि येताना तो इशारा तेवढा मागे विसरून आला आहे.

आपल्या देशाला उलटेपणा नवा नाही हे खरे. महाभारतात जरत्कारू ऋषीचे पितर खड्ड्यावर अधोमुख लोंबकळताना त्याला दिसतात आणि ज्या गवताला ते धरून आहेत त्याची मुळे उंदीर कुरतडीत असतो. पण ते तप नसून निःसंतान कुळाची दुर्दशा आहे, आणि तिचा इलाज म्हणून त्यांनी सुचविलेला विवाह हा व्यायाम कोणत्याही दुकानात मिळत नाही. हठयोगप्रदीपिकेत विपरीतकरणी सांगितली आहे, आणि जाहिरातदाराला हेवा वाटावा अशी ग्वाही तेथेही आहे, की सहा महिन्यांनंतर सुरकुत्या आणि पिकलेले केस दिसेनासे होतात. परंतु त्याच ठिकाणी ग्रंथकार बजावतो की पहिल्या दिवशी ही क्रिया क्षणभरच करावी आणि मग प्रतिदिनी थोडी थोडी वाढवावी. हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नानांच्या यंत्रासोबत आलेल्या पत्रकात सूचनांपेक्षा फायद्यांची यादी चौपट लांब होती, आणि धोक्याचा मजकूर इतक्या बारीक इंग्रजीत छापलेला होता की तो वाचण्यास भिंग लागले.

महाराष्ट्राला तर या विद्येचा विशेष वारसा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले त्याच्यावर आणि दोरीवर आजही दहा-बारा वर्षांची मुले-मुली डोके खाली करून सहज स्थिरावतात; पण त्यांना वर धरून ठेवणारी पकड त्यांच्याच मांड्यांची आणि पायांच्या बोटांची असते, लोखंडाची नसते, आणि म्हणून जितकी ताकद आली तितकाच वेळ ती उलटी राहू शकतात. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी आसनांचे परिणाम यंत्रांच्या साक्षीने तपासण्याचा परिपाठ घालून दिला. आणि उपकरणांचाच प्रश्न असेल तर १९३७ साली पुण्यास आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांहून अधिक उपकरणे कोणी वापरली? त्यांच्या रमामणि अय्यंगार स्मारक योग संस्थेत भिंतीला लावलेले दोर, विटा, पट्टे, खुर्च्या आणि पाठीला वळण देणारी बाके यांचा खजिनाच आहे, आणि तेथे दोरावर उलटे टांगलेले विद्यार्थीही दिसतात. तथापि तेथील टांगणीत दोर कंबरेला व जांघांना आधार देतो, मान मोकळी राहते आणि घोटे, गुडघे ओढले जात नाहीत. टेबलावर मात्र साऱ्या शरीराची ओढ घोट्यांपासून सुरू होऊन गुडघा आणि खुबा यांतून जाते, आणि साठीच्या पुढच्या माणसाचे गुडघे कोणत्या अवस्थेत असतात हे त्याला आणि त्याच्या जिन्याला ठाऊक असते. याहून मोठा भेद म्हणजे दोराजवळ शिक्षक उभा असतो.

धोका काल्पनिक नाही. २००६ साली चेन्नईतील नेत्रतज्ज्ञांनी शीर्षासनाचा अभ्यास असलेल्या ७५ जणांच्या डोळ्यांतील दाब मोजला तेव्हा आसनात तो जवळजवळ दुप्पट झालेला आढळला. हे सरावलेले लोक होते. ज्यांना काचबिंदू आहे आणि त्याचा पत्ताच नाही, अशी माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, ज्यांचे हृदय दुबळे आहे, ज्यांच्या दृष्टिपटलाला इजा आहे, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांच्या जठरातील आम्ल वर येते, आणि ज्या स्त्रिया गर्भवती आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये हे सांगण्यास कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

आणि एवढी जोखीम पत्करून पदरात काय पडते? कण्याला ओढ देण्याच्या, म्हणजे आपल्याकडे इस्पितळांत ‘वजने लावणे’ म्हणतात त्या उपचारांच्या ३२ चाचण्यांचा आणि त्यांतील २,७६२ रुग्णांचा एकत्रित आढावा २०१३ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला, आणि त्यातून असे दिसले की कंबरदुखीवर या ओढीचा परिणाम अल्प किंवा शून्य आहे. दुसऱ्या पारड्यात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील एक छोटी चाचणी आहे: तेथे गादी सरकल्यामुळे शस्त्रक्रियेची पाळी आलेल्या रुग्णांपैकी काहींना उलट्या स्थितीचा उपचार दिला असता त्यांच्यातील सुमारे ७७ टक्के लोकांची शस्त्रक्रिया टळली, व ज्यांना तो दिला नव्हता त्यांच्यातील फक्त २२ टक्क्यांची टळली. आकडे ऐकण्यास गोड आहेत. परंतु दोन्ही गट मिळून रुग्ण तिसांहूनही कमी होते, आणि तो उपचार रुग्णालयाच्या देखरेखीखाली चालला होता, दिवाणखान्यात दूरदर्शन संचासमोर नव्हे. विक्रेते या चाचणीचा दाखला बिनदिक्कत देतात आणि तिच्यातील देखरेख तेवढी गाळतात.

म्हणून या यंत्रावर बंदी घालावी असे मी म्हणत नाही. तात्पुरता आराम ही तुच्छ वस्तू आहे असे ज्याला वाटते त्याची कंबर एकदा धरली पाहिजे. माझे म्हणणे इतकेच आहे की जी वस्तू माणसाचा रक्तदाब आणि डोळा या दोहोंवर भार टाकते ती सायकलीच्या पंपासारखी विकली जाऊ नये: कोणाकोणी तिच्यावर चढू नये हे ठळक मराठीत यंत्रावरच कोरलेले असावे, कलाचा पट्टा काढता येऊ नये अशी तजवीज कारखान्यातच व्हावी, व्यायामशाळांनी आणि गृहनिर्माण संस्थांच्या क्लबांनी पहिल्यांदा येणाऱ्याचा रक्तदाब मोजल्याशिवाय व जवळ माणूस उभा असल्याशिवाय हे यंत्र चालू देऊ नये, आणि ‘कणा सरळ होतो’, ‘गादी जागेवर बसते’ असली वचने देणाऱ्या जाहिरातींची ग्राहक संरक्षणाच्या कायद्याखाली झडती घेतली जावी. या मागण्यांपैकी एकही महागडी नाही. आणि खरेदी करणाऱ्यानेही एक हिशेब मांडून पाहावा, की दिवसाचे दहा तास खुर्चीला द्यायचे आणि पाच मिनिटे टांगणीला, या वाटणीत कंबरेच्या वाट्याला नेमके काय येते.

नानांनी तो हिशेब मांडला असे दिसते, कारण हिशेब हाच त्यांचा स्वभाव. माझ्या आग्रहावरून ते डॉक्टरांकडे गेले, डोळे तपासून आले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, आणि पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढण्याचा परिपाठही त्यांनी धरला आहे. चौकट मात्र त्यांनी मोडीत काढली नाही. गोळीने दाब ताब्यात आल्यावर डॉक्टरांनी वीस अंशांची आणि दोन मिनिटांची मुभा दिली आहे, अट अशी की शेजारी कोणीतरी बसले पाहिजे, त्याप्रमाणे संध्याकाळी काकू भाजीची परात घेऊन जवळ बसतात, नाना किंचित कलतात, आणि थोड्या वेळाने छताकडे पाहत विचारतात, “झाली का दोन मिनिटे?” त्यावर काकू मेथी निवडता निवडता सांगतात, “अजून अर्धी जुडी आहे.”